तान्ह्या बाळाचा इसब आणि जागरणाच्या रात्री

प्रेषित मुहम्मद (स.) नमाज लांबवण्याच्या इराद्याने उभे राहत आणि मागच्या रांगेतून एखाद्या तान्ह्या बाळाचे रडणे कानी पडले की नमाज आटोपती घेत. त्या रडण्याने आईच्या जिवाची काय घालमेल होते हे आपल्याला ठाऊक आहे, असे कारण त्यांनी स्वतःच सांगितले. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपण ती बहुधा इमामाने किराअत किती लांबवावी या प्रश्नापुरती वाचतो. पण तिच्यातून आणखीही एक गोष्ट सिद्ध होते. बाळाचे रडणे आणि आईची घालमेल यांची दखल खुद्द मस्जिदे नबवीतील जमातीच्या नमाजमध्ये घेतली गेली. मग आपल्या घरातल्या इतर माणसांनी ती घेऊ नये, याला कोणते कारण उरते?

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात, विशेषतः कशेडी घाटाच्या आसपासच्या वाड्यांत, पुष्कळ घरांची स्थिती सारखीच आहे. कर्ता पुरुष मुंबईत नोकरीला किंवा आखातात, आणि घरी वृद्ध सासू-सासरे, सून व लेकरे. अशा घरात तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या गालावर लालसर, खरखरीत चट्टे उठतात, पुढे ते डोक्यावर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूवर पसरतात, ओलसर होतात आणि खाज सुटते. दिवसा बाळ कसेबसे रमते. रात्री मात्र अंथरुणाची ऊब लागताच खाज वाढते, बाळ गाल उशीवर घासते, किंचाळून उठते, आणि आईची तिसरी-चौथी जागरणाची रात्र सुरू होते. याच आजाराला आपण इसब किंवा एक्झिमा म्हणतो.

या आजाराबाबत पहिली गोष्ट ही समजून घ्यावी की हा कोणाच्या अपराधाचे फळ नाही. काही बालकांच्या त्वचेचा वरचा थर जन्मतःच दुबळा असतो. तो ओलावा धरून ठेवू शकत नाही आणि बाहेरच्या त्रासदायक पदार्थांना अडवूही शकत नाही. ज्या घराण्यात दमा, सततची सर्दी-शिंका किंवा इसब आहे तिथे तो अधिक आढळतो. तो आईच्या दुधातील दोषाने होत नाही, आणि एकापासून दुसऱ्याला लागतही नाही. म्हणून असे बाळ उचलून घ्यायला, त्याचा मुका घ्यायला कोणी कचरू नये. आपल्याला दहा मुले असून एकाचेही कधी चुंबन घेतले नाही, असे सांगणाऱ्या अकरा बिन हाबिस यांना प्रेषितांनी (स.) दिलेले उत्तर सर्वपरिचित आहे: जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही.

मात्र एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. बाळाबरोबर घरातील आणखी कोणालाही रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती खरूज असण्याचा संभव आहे. ती संसर्गजन्य आहे आणि तिचे औषध एकाच वेळी सगळ्या घराने घ्यावे लागते. गोल कडांचा गजकर्णही निराळाच. तेव्हा शेजारणीच्या अंदाजावर विसंबू नये, एकदा डॉक्टरला दाखवून निदान करून घ्यावे.

‘नजर लागली’ हे आपल्याकडचे सर्वांत सोपे निदान. नजर लागणे सत्य आहे, असे हदीसमध्ये आले आहे आणि आपण ते मानतो. परंतु नजर सत्य आहे म्हणून प्रत्येक खाज ही नजरच, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि नजरेवरचा उपायही शरीअतने शिकवला आहे. प्रेषित (स.) हजरत हसन व हुसैन (र.) यांच्यासाठी अल्लाहचे शरण मागत. आजारी माणसावर हात फिरवून त्याच्या शिफासाठी प्रार्थना करत. तुम्हीही सूरह फातिहा, अखेरच्या दोन सूरह पढून बाळावरून हात फिरवा. पण गळ्यात, मनगटात काळा दोरा, मणी, कातड्यात शिवलेली पुडी बांधणे, याला हदीसमध्ये सक्त मनाई आहे. शिवाय या आजारात त्या दोऱ्याखाली घाम साचतो, कातडी सोलवटते आणि तिथेच नवा चट्टा उठतो.

उपचार करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध आहे, अशी समजूत काही धार्मिक घरांतही आढळते. अल्लाहने असा एकही आजार उतरवला नाही ज्याची शिफा उतरवली नाही, हे बुखारीत आहे. उपचार करावा का, असे ग्रामीण अरबांनी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) होकार दिल्याचे हजरत उसामा बिन शरीक (र.) यांनी सांगितले आहे. खाजेपुरतेच बोलायचे तर एक फार बोलका दाखला उपलब्ध आहे. रेशीम पुरुषांना हराम आहे. असे असता हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) आणि हजरत जुबैर बिन अव्वाम (र.) यांना अंगाला खाज सुटत असल्याने प्रेषितांनी (स.) रेशमी सदरा वापरण्याची मुभा दिली. हजरत अनस (र.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. खाज हा सहन करून गप्प बसण्याचा क्षुल्लक त्रास असता तर तिच्यापायी हरामची बंदी शिथिल झाली नसती. आणि याच हदीसमधून हेही कळते की सर्वसाधारण नियम एक असला तरी रुग्णाच्या कातडीचा विचार वेगळा करावा लागतो.

हा दुसरा मुद्दा मी मुद्दाम पुढे आणतो, कारण आपल्या काही प्रिय वस्तू या बाळाला सोसत नाहीत. जैतूनच्या तेलाची हदीसमध्ये शिफारस आहे, आणि निरोगी माणसाने ते अवश्य वापरावे. परंतु इसब झालेल्या तान्ह्या बाळाच्या कातडीवर त्याने कोरडेपणा वाढू शकतो, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. अत्तर लावणे सुन्नत आहे, पण बाळाच्या झबल्याला नको. गुरुवारच्या संध्याकाळी घरात फिरवला जाणारा लोबान, डासांची कॉइल, न्हाऊ घातल्यावर दिली जाणारी ओवा-वेखंडाची धुरी, या सर्वांचा धूर या बाळाला त्रासाचाच आहे. हे टाळल्याने कोणत्याही सुन्नतीला बाध येत नाही.

कोकणात बाळाला कडकडीत पाण्याने, डाळीचे पीठ व हळद चोळून, लाल होईपर्यंत न्हाऊ घालण्याची रीत आहे. सासूबाईंचा त्यात जीव गुंतलेला असतो, म्हणून विरोध करताना अदब राखा, पण विरोध करा. या बाळाला कोमट पाणी हवे, पाच ते दहा मिनिटांहून अधिक वेळ नको, आणि सुवासिक साबण तर नकोच. मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे, घासू नये. अंग पुरते सुकण्याआधी, तीन-चार मिनिटांच्या आत, वासरहित मलम सढळ हाताने लावावे. साधी पेट्रोलियम जेली स्वस्त असते आणि चालते. कातडी फुटलेली दिसो वा न दिसो, दिवसातून निदान दोन-तीन वेळा हे लावणे हाच या आजारातील मुख्य उपचार आहे. तो कंटाळवाणा आहे आणि महिनोन्महिने करावा लागतो. पुष्कळ घरांत चट्टे गेले की मलम थांबते आणि पंधरा दिवसांनी सारे मूळपदावर येते. एक सावधगिरी: असे मलम कपड्यांत मुरले की कपडे लवकर पेट घेतात. बाळाला घेऊन चुलीजवळ बसू नये.

लाल, सुजलेल्या चट्ट्यांसाठी डॉक्टर सौम्य स्टिरॉइड मलम देतात. येथे लोक दोन टोकांना जातात. काही जण ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकूनच मलम फेकून देतात आणि बाळाला खाजत ठेवतात. डॉक्टरने सांगितलेले सौम्य मलम, सांगितलेल्या जागी, सांगितले तितके दिवस लावणे सुरक्षित आहे. काही जण उलट दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ मागून आणतात. तिच्यात पुष्कळदा तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांची खिचडी असते. चार दिवस जादू होते, मग कातडी पातळ होते आणि आजार दुप्पट उसळतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकता येणार नाहीत अशा यादीत घातली, ती याच गैरवापरामुळे. वैद्यकी येत नसताना जो उपचार करतो तो नुकसानीस जबाबदार राहील, ही हदीस अबू दाऊद व इब्ने माजा यांनी नोंदवली आहे. गल्ल्यावरून ट्यूब देणाऱ्याने ती वाचावी, आणि डबीवर नाव-गाव नसलेले ‘खानदानी’ मलम विकणाऱ्यानेही. बाळ झोपावे म्हणून सर्दीचे, गुंगीचे सिरप मनाने पाजणे तर धोक्याचेच आहे.

आईचे मासे, अंडी, दूध बंद करण्याची सूचनाही हमखास येते. डॉक्टरने कारण दाखवल्याशिवाय ती मानू नये. दूध पाजणाऱ्या बाईला उपाशी ठेवून बाळाची कातडी सुधारत नाही.

पावसाळा आपल्याकडे चार महिने ठाण मांडतो. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते. झबली अर्धओली घालू नयेत. लोकरी कुंची, नायलॉनचे फ्रॉक टाळावेत. नखे वेळच्या वेळी कापावीत, रात्री हाताला सुती मोजे घालावेत, आणि थंडी वाजेल या भयाने बाळाला गुंडाळून ठेवू नये. चट्ट्यांवर पिवळी खपली धरली, पू वाहू लागला, ताप आला, किंवा एकाएकी बारीक दुखरे फोड उठले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. घाटात पाऊस-धुक्यात खासगी वाहन मिळणे कठीण असते, म्हणून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका लक्षात असू द्यावी.

जागणाऱ्या आईची इबादत

रात्रभर जागलेल्या आईला सकाळी आणखी एक बोच असते: कपडे नापाक झाले, फजर घाईत झाली, तहज्जुद तर सुटलीच. भगिनींनो, शरीअत तुमच्यावर इतकी कठोर नाही. हजरत जैनब (र.) थकल्यावर आधाराला धरण्यासाठी मस्जिदीत दोन खांबांमध्ये दोरी बांधत. प्रेषितांनी (स.) ती सोडवली आणि अंगात उत्साह असेतो नमाज पढावी, थकल्यावर बसावे, असे सांगितले. नमाजमध्ये डुलकी येत असेल तर आधी झोप घ्यावी, ही शिकवण हजरत आयेशा (र.) यांच्या कथनातून आपल्यापर्यंत आली आहे. फर्ज सुटता कामा नये, पण नफिलसाठी देह झिजवण्याची अपेक्षा नाही. बाळ खाली ठेवताच रडत असेल तर त्याला कडेवर घेऊनही नमाज होते. प्रेषितांनी (स.) आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढवली. सजद्याला जाताना तिला ठेवत, उठताना उचलून घेत.

आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई मतानुसार दोन वर्षांच्या आतला, केवळ दुधावर असलेला मुलगा कपड्यांवर लघवी करील तर त्या जागेवर पाणी शिंपडणे पुरते. मुलीची मात्र धुवावी लागते. खाजवून निघालेले थोडेसे रक्त माफ आहे. मलमाचा नुसता तेलकटपणा वुजूच्या पाण्याला अडवत नाही, जाड थर असेल तर तो पुसून घ्यावा. रमजानमध्ये दूध पाजताना स्वतःला किंवा बाळाला अपाय होण्याचे भय असेल तर रोजे पुढे ढकलण्याची सवलत आहे. ते नंतर पूर्ण करावेत, आणि केवळ बाळासाठी सोडले असतील तर फिदयाचा प्रश्न जाणत्या आलिमांना विचारावा.

बापाचा वाटा

सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दुधाच्या मुदतीबरोबरच आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, आणि बाळाच्या निमित्ताने आईला यातना होऊ नयेत, असेही बजावले आहे. यातना म्हणजे केवळ उपासमार नव्हे. सहा महिने सलग दोन तासही झोप न मिळणे हीदेखील यातनाच आहे. प्रेषित (स.) घरी असताना काय करत, या प्रश्नाला हजरत आयेशा (र.) यांनी उत्तर दिले की ते घरच्यांच्या कामात असत. म्हणून घरी असलेल्या बापाने रात्रीचे मलम, कपडे बदलणे, एक प्रहर बाळाला खांद्यावर घेणे ही कामे स्वतःकडे घ्यावीत. जो आखातात आहे त्याने केवळ पैसे पाठवून मोकळे होऊ नये. कशेडीत रात्रीचा एक वाजतो तेव्हा कुवेत-सौदीत साडेदहा झालेले असतात, म्हणजे तो जागाच असतो. त्या घटकेला फोन करून ‘रडतंय कशाला?’ असे न विचारता पत्नीचे ऐकून घ्यावे. आणि स्वतःच्या आईला, बहिणीला सांगून दिवसाचे दोन-तीन तास सुनेला निजू द्यावे, ही व्यवस्था तिथे बसूनही करता येते. अशी व्यवस्था तोच करू शकतो, कारण सून ती स्वतः मागू शकत नाही.

अतिशय थकलेल्या माणसाचा संतापही अनावर होतो. असा क्षण आला तर बाळाला पाठीवर, सुरक्षित जागी निजवून दार ओढावे, पाच मिनिटे बाहेर उभे राहावे, वुजू करावा. रागात बाळाला गदागदा हलवू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ दगावू शकते. आणि आई दिवसेंदिवस उदास असेल, बाळाकडे पाहवत नसेल, जगणे नकोसे वाटते असे म्हणत असेल, तर त्याला इमानाची कमजोरी म्हणून तिला उपदेश पाजू नये. तोही आजारच आहे आणि त्याचीही शिफा उतरलेली आहे. डॉक्टरला दाखवावे. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रीही मोफत उपलब्ध असते.

बहुतेक बालकांचा इसब वाढत्या वयाबरोबर सौम्य होत जातो, काहींचा शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बराच ओसरतो. काहींना मोठेपणीही कातडी जपावी लागते. कोणत्या बाळाचे काय होईल हे अल्लाहच जाणतो. तोवर मलमाची डबी बाळाच्या उशाशी, अंधारातही हाताला लागेल अशा जागी असावी.