देवमासा ओळखायचा कसा?
देवमासा नावापुरताच मासा. तो श्वास घेतो फुप्फुसांनी. म्हणून त्याला पाण्यावर यावेच लागते, आणि तेवढाच वेळ तो दिसतो. २०१५ साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात अभ्यासकांना निळा देवमासा दिसला होता. सुट्टीत जयपूरला, सोडाल्यातल्या घरी हे सांगितले, तर धाकटी बहीण म्हणाली, “दादा, पण ओळखायचा कसा?”

आधी फवारा शोधायचा. ती उच्छ्वासाची वाफ असते. निळ्या देवमाशाची नऊ मीटरपर्यंत उंच जाते. दुर्बिणीने क्षितिज सावकाश पाहत जावे, ऑब्झर्वेशन पोस्टवर पाहतो तसे. होडीतून पाठलाग मात्र नको. होडी अंगावर आली की तो श्वास अर्धवट टाकून बुडी मारतो. सोबत पिल्लू असेल तर त्याचीही दमछाक होते. माझ्या मते किनाऱ्यावरचा उंच कडाच बरा.