कंपनी येईल तेव्हा येईल, पोराच्या हाताला काय येतं ते बघा

दहावी-बारावीचा निकाल लागला की धाराशिव, कळंब, उमरग्याहून पालकांचे फोन सुरू होतात. "सर, कौडगाव एमआयडीसीत मोठी कंपनी येणार म्हणतात. पोराला कॉम्प्युटरला टाकू का?" आता त्यात 'एआय'ची भर पडली आहे.

स्पष्टच सांगतो, सामंजस्य करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. ऑगस्ट 2015 मध्ये फॉक्सकॉनने राज्य सरकारशी 5 अब्ज डॉलरचा करार केला, 50 हजार नोकऱ्यांची घोषणा झाली. त्या वर्षी दहावी झालेली मुलं 2021 पर्यंत इंजिनीअर झाली, तो कारखाना मात्र आलाच नाही. जानेवारी 2025 मध्ये दावोसला 15 लाख कोटींहून जास्त रकमेचे करार झाले, त्यातले बरेचसे भारतीय कंपन्यांचेच. असे आकडे ऐकून शाखा निवडायची नसते.

सरकारची धडपड खोटी नाही. धाराशिव केंद्राच्या 'आकांक्षित', म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांत मोडतो, त्यामुळे इथे उद्योग हवेतच. राज्याच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांना 80 टक्के स्थानिक माणसं घ्यायची अटही आहे. पण त्या अटीत अख्खा महाराष्ट्र 'स्थानिक' ठरतो. गेटवर तुमच्या पोराशेजारी कोल्हापूरचा तयार फिटर उभा असणार.

नीट, बँक, एमपीएससी यांवर रोज कुणी ना कुणी बोलतंच. मी एका दुर्लक्षित वाटेबद्दल बोलतो. छत्रपती संभाजीनगरला केंद्र सरकारची इंडो-जर्मन टूल रूम आहे, जर्मनीच्या मदतीने उभी राहिलेली. दहावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तिथे टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा करता येतो. या कामाची सुरुवात कानशीने होते. लोखंडी ठोकळा घासायचा, गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरून बघायचा. फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचा. कंटाळवाणं काम आहे, पण साचा बनवणारा माणूस असाच घडतो. मोटारीच्या दारापासून बाटलीच्या झाकणापर्यंत सगळं साच्यातूनच निघतं, मग कंपनी जपानी असो नाहीतर चाकणची.

तिथे नंबर लागला नाही तर आयटीआय करा आणि लगेच अप्रेंटिसशिप धरा. शेजारी लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यात रशियन भागीदारीतून वंदे भारत स्लीपर गाड्या बनवायचं ठरलं आहे. असल्या कामाला वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियनच लागतात.

यावर पालक म्हणतात, "आयटीआय म्हटलं की पाहुण्यारावळ्यांत मान खाली जाते." मग पाहुण्यांना विचारा, फी ते भरणार आहेत का? तुमच्या हट्टापायी गणिताला घाबरणारा पोरगा इंजिनीअरिंगला बसतो, एटीकेटी घेत राहतो, आणि इकडे सोयाबीनचा पैसा हप्त्यात जातो.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजची इमारत बघत बसू नका. मागच्या बॅचची मुलं आज कुठे कामाला आहेत, किती पगारावर, हे विचारा आणि त्यातल्या दोघांना फोन लावा. यादी द्यायला टाळाटाळ झाली तर फी न भरता परत या.