लेकरे, ओढा आणि डोह

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि विहाराविहारांतून सहली निघू लागतात. लेणी पाहायची, वंदना घ्यायची, सावलीत बसून डबे सोडायचे आणि परतताना ओढ्याच्या काठाने चालत जाऊन मुलांना डोहात डुंबू द्यायचे, असा बेत अनेक ठिकाणी ठरतो. बेत उत्तम आहे. दगडगोट्यांतून तोल सांभाळत चालणारे मूल दोन तासांत जे शिकते, ते मोबाइलसमोर बसून शिकत नाही. म्हणून मुलांना पाण्यापासून दूर ठेवा असे या पानावर सांगायचे नाही. नेण्याआधी पाण्याची ओळख करून घ्या, एवढेच सांगायचे आहे.

ही ओळख आपल्याकडे कमी का, याचे कारण उघड आहे. गावात पोहणे शिकायची जागा म्हणजे विहीर. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून काका-मामांनी पोराला विहिरीत सोडायचे, ही शिकवणी. ज्यांना विहिरीच्या काठावर पाऊल ठेवायचीच बंदी होती, त्यांनी शिकायचे कुठे? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळ्यावरच्या हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून यायला १९३७ साल उजाडले. हक्क मिळाला, पण पोहण्याची विद्या घरात वारशाने आली नाही. ती आता मिळवावी लागेल. शहरात महापालिकेचा तलाव असेल तर सहा-सात वर्षांच्या मुलाला, आणि मुलीला तर आवर्जून, उन्हाळी शिबिरात घाला. सोबत आईनेही शिकावे.

बुडणे ही किरकोळ गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता.

सहलीचा काळ आधी ठरवा. जून ते सप्टेंबर लहान मुलांना घेऊन ओढ्यात उतरू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात चार मुले होती. उभे होते तिथे थोड्या वेळापूर्वी पाणी बेताचेच होते. सह्याद्रीत असेच घडते. वर डोंगरावर सर कोसळते, खाली ऊन असते आणि काही मिनिटांत लोंढा येतो. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, वरून घोंघावल्यासारखा आवाज आला, तर चपला-डबे तिथेच टाकून मुलांना उचला आणि काठावर उंच चढा. ओढा ओलांडून पलीकडे जाऊ नका. जोराचे पाणी घोट्याच्या थोडे वर असले तरी मोठ्या माणसाचे पाय उचलले जातात. दिवाळीनंतर मात्र पाणी निवळते, तळ दिसू लागतो. जायचे ते तेव्हा. तेव्हाही अवकाळीचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला.

डोह कोणता निवडावा हे त्या गावच्या माणसाला विचारा. कोणत्या डोहात गुरे धुतात, कुठे भोवरा आहे, कुठे पूर्वी कोणी बुडाले, हे त्याला ठाऊक असते. आपल्या काळ्या कातळात पाण्याने फिरणाऱ्या दगडांनी कोरलेले रांजणखळगे असतात. तोंड लहान, आत खोल, कडा शेवाळलेल्या. आत पडलेल्या मुलाला धरायला काही सापडत नाही. नदीत वाळू उपशाचे खड्डे तसेच फसवे. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट पुरुषभर खोलीत जाते. मोठ्या माणसाने काठीने चाचपत आधी पूर्ण जागा फिरावी. मुलाच्या कमरेपलीकडे पाणी नको, आणि सूर मारणे कुणालाच नको. लेण्यांतील पाण्याच्या पोढ्यांत तर मुळीच उतरू देऊ नये. त्या खोल असतात, शिवाय तो आपला वारसा आहे.

चालणे मुलाच्या बेताने ठेवा. चार-पाच वर्षांच्या मुलाला जाऊन-येऊन दोन-तीन किलोमीटर पुरे. थकलेले मूल परतीच्या वाटेवर घसरते. पायात मागे पट्टा असलेल्या चपला किंवा जुने बूट असू द्यावेत, पाण्यातसुद्धा. लहान शरीर लवकर गारठते. ओठ निळसर दिसले, हुडहुडी भरली, की रडले तरी बाहेर काढा, कोरडे करा, काहीतरी गोड खायला द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वरखाली होत असते, हाक मारायला श्वास उरत नाही. दहा पावलांवर गप्पा मारत बसलेल्यांना ते खेळतेय असेच वाटते. पंधरा मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते दुसरा बघतो आहे. म्हणून पाळी लावा. एका मोठ्याकडे दोनच मुले, तो हात लांबवला की पोचेल इतका जवळ, हातात मोबाइल नाही, आणि दारू घेतलेल्याला ही पाळी द्यायची नाही. आपल्या उपासकांना स्मृती, अप्रमाद हे शब्द नवे नाहीत. इथे त्यांचा अर्थ अगदी हाताएवढा आहे. हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर विसंबू नका, ती उलटते.

मूल खोल गेले तर पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. काठावर पालथे पडून काठी, साडी, ओढणी पुढे करा. झाकण लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन दोरीला बांधून फेका. तो तरंगतो.

बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, गरगरा फिरवणे, पोट दाबणे, हे सारे जुने उपाय घातक आहेत. पोटातले पाणी श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास चालू नसेल तर उताणे झोपवा, डोके किंचित मागे, हनुवटी वर. नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या, प्रत्येक वेळी छाती उचलली गेली पाहिजे. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताने, छाती एक तृतीयांश दबेल इतके, ३० दाब द्या, मग २ श्वास. दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२०. मदत येईपर्यंत किंवा मूल श्वास घेऊ लागेपर्यंत हेच चालू ठेवायचे. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन लावावा. दरीत रेंज नसेल तर एकाने गावाकडे पळावे. विहारात एखाद्या रविवारी प्रशिक्षित परिचारिकेला बोलावून बाहुलीवर हा सराव करून घेता येतो. वाचून हात बसत नाही.

शुद्धीवर आलेल्या मुलालाही दवाखान्यात न्याच. काही तासांनी श्वास बिघडू शकतो.

आणि घरी आल्यावर महिनाभर लक्ष ठेवा. गुरांच्या, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल तर तिच्यातून जंतू शिरतात, म्हणून अशा मुलाला पाण्यात उतरवूच नये. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो. सोबत पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. तेव्हा ती सहल आपण विसरलेले असतो. डॉक्टरांना आपणहून सांगा की मूल अमुक तारखेला ओढ्यात पोहले होते.