काळी, पांढरी आणि परसूं

आपल्या मराठवाड्यांत, अणदूरसारख्या गांवीं, जमिनीची पहिली वांटणी कोणा अधिकाऱ्यानें नकाशा काढून केली नाहीं. जेथें पीक येतें ती काळी, आणि जेथें घरें व चावडी वसली ती पांढरी, हे दोन शब्द वडील माणसांच्या बोलण्यांत आहेतच. शहरांत ज्यास हल्लीं झोन पाडणें म्हणतात, त्याचें बीज ह्याच शब्दांत आहे. परंतु पांढरींतच काळीचा एक तुकडा असतो. तो म्हणजे घरामागचें परसूं. मेथीचा वाफा, चार वांगीं, शेवग्याचें झाड, एखादी शेळी व कांहीं कोंबड्या, एवढा त्याचा संसार. त्यास नियम कोणता, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं जाणून घ्यावें म्हणून आम्ही हा पाठ लिहीत आहों.

सरकारी दप्तरांत पांढरीस गांवठाण म्हणतात. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 122 प्रमाणें त्याच्या सीमा ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. काळींत राहतें घर बांधावयाचें तर जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी घ्यावी, अशी अट त्या संहितेनें घातली; अलीकडच्या दुरुस्त्यांनीं ती पुष्कळ सैल केली आहे. मात्र उलट बाजूस, पांढरींत स्वतःच्या परसांत भाजी लावण्यास अशी अट नाहीं. घर काळींत जातांना कायदा अडवितो. मेथी पांढरींत येतांना अडवीत नाहीं.

मग नियम लागतो कोठें? जेथें आपलें संपून दुसऱ्याचें सुरू होतें, तेथें. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानें रस्ते, गटारें व स्वच्छता पंचायतीकडे सोंपविली, आणि कलम 53 अन्वयें सार्वजनिक रस्त्यावरील व मोकळ्या जागेवरील अतिक्रमण दूर करण्याचा अधिकारही दिला. वाफ्याचें कुंपण रस्त्यावर सरकलें, अथवा उकिरड्याचें पाणी वाटेवर वाहूं लागलें, कीं तो प्रश्न एका घराचा राहत नाहीं.

येथें पालकांस एक सूचना. गांवठाणांतील घरास सातबारा नसतो, आणि नमुना 8 चा उतारा हा कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे. 24 एप्रिल 2020 रोजीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत ड्रोननें गांवठाणें मोजून मिळकत पत्रिका देण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. उड्डाणापूर्वीं हद्दी चुन्यानें आंखतात. त्या वेळीं घरधन्यानें हजर राहून परसाची हद्द शेजाऱ्यासमक्ष दाखवावी. भिंत तेवढी दाखविली आणि परसूं विसरलें, तर पुढें मुलांस भांडण वारसा म्हणून मिळेल.

इतर देशांचा अनुभवही असाच आहे. इंग्लंडांत लोकांस भाजीसाठीं लहान तुकडे भाड्यानें देतात. 1922 च्या तेथील कायद्यानें अशा तुकड्याची कमाल मर्यादा 40 पोल, म्हणजे आपले 10 गुंठे ठरविली, आणि पीक मुख्यत्वें कुटुंबाच्या पोटासाठीं असावें असें म्हटलें. 1950 च्या कायद्यानें तेथें कोंबड्या व ससे पाळण्याची मोकळीक दिली. अट एवढीच कीं तो धंदा नसावा, व आरोग्यास बाध किंवा लोकांस उपद्रव होऊं नये.

जुन्या करारांतील नाबोथाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. त्याचा द्राक्षमळा राजवाड्यालगत होता, म्हणून अहाब राजास तो भाजीच्या बागेसाठीं हवा होता. वडिलोपार्जित वतन देण्यास नाबोथानें नकार दिला, आणि त्या लोभापायीं निरपराध माणसाचा जीव गेला. भाजीची बाग वाईट नव्हती. दुसऱ्याच्या हद्दीवरची दृष्टि वाईट होती.

विद्यार्थ्यांनीं सुटींत आपलें परसूं मोजावें. 33 फूट लांब व तितकीच रुंद जागा म्हणजे एक गुंठा. त्याचा नकाशा काढून भांडीं धुतलेलें पाणी कोठें जातें, शेळीचा गोठा शेजाऱ्याच्या खिडकीपासून किती दूर आहे, हें त्यांत दाखवावें. नियमांविषयीं शंका असल्यास ग्रामपंचायतींत किंवा तलाठ्याकडे, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वडिलांसह जाऊन विचारावें. ज्या घरचा वाफा शेजाऱ्यास त्रास न देतां हिरवा राहतो, त्या घरीं कायदा आधींच पाळला गेला असें समजावें.