मुरबाडच्या जुन्या घरात ध्यानकेंद्र

प्रश्न : मुरबाड तालुक्यात आजोबांचं मातीच्या भिंतींचं कौलारू घर पडून आहे. तिथे दहा-बारा जणांसाठी ध्यानकेंद्र करायचं आहे. कशापासून सुरुवात करू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : विचार उत्तम आहे. विपश्यना ध्यान शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचं भारतातलं पहिलं शिबिर 1969 साली मुंबईतल्या एका धर्मशाळेत झालं; इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र नंतरचं. खडवलीजवळचं ‘धम्म सरिता’ केंद्रही वृद्धाश्रमाच्या आवारात आहे. तेव्हा जुनी वास्तू आड येत नाही.

आड येते ती ओल. मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा अजिबात करू नका. पाणी आतच कोंडतं आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर लाकूड पोखरलंय, बदला. कौलं काढून पत्रे टाकायचा मोह टाळा. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ध्यान सोडाच, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

घर गावठाणात आहे की शेतजमिनीवर, हे खर्चाआधी तपासा. शेतजमीन असेल तर अकृषिक परवानगीचं तहसील कार्यालयात विचारा.

संडास-बाथरूमचा विचार बहुतेकजण शेवटी करतात. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते, साडेचारला साधना सुरू. मधल्या अर्ध्या तासात बारा जणांना दोन संडास पुरणार नाहीत. स्त्री-पुरुषांची वेगळी सोय आणि विहिरीपासून लांब शोषखड्डा नकाशातच घ्या. पैसे कमी पडले तर खोल्या कमी करा, ही सोय कमी करू नका.