मंत्रचळ : खात्री नव्हे, उपचार

शास्त्रपाठ : मार्क 5:25-34; कलस्सै 4:14

आपल्या पाठातील स्त्रीने बारा वर्षे आजार सोसला. पुष्कळ वैद्य झाले, होते नव्हते ते खर्ची पडले, पण गुण आला नाही. यावरून कोणी म्हणतात की, विश्वासणाऱ्याने वैद्याकडे जाऊच नये. पण पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्यच होता. योग्य उपचार सापडेपर्यंत माणूस किती भटकतो, हे मात्र या कथेत दिसते.

आमच्या ग्वाल्हेरात, शिंदे की छावनी भागात, एक भगिनी अशीच भटकत होती. उपासनेत तिच्या मनात प्रभूविषयी अभद्र विचार येत. ते घालवण्यासाठी ती ठरावीक वेळा प्रार्थना म्हणे. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तिने प्रभुभोजनाला येणे सोडले. दर रविवारी ती विचारी, "दादा, मला क्षमा मिळाली ना?" आम्ही वचन काढून खात्री देत असू. तिला तासभर बरे वाटे. पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न. तिचा विश्वास उणा आहे असे आम्ही समजलो. आम्ही चुकलो.

हा मंत्रचळ नावाचा आजार आहे. नको असलेला विचार वारंवार येतो व भीती दाटते. ती शमवण्यासाठी कोणी हात धुतो, कोणी कुलूप तपासतो, कोणी क्षमा मागत राहतो. क्षणभर बरे वाटते, म्हणूनच ती सवय घट्ट होते. आमच्या खात्रीने तिच्या आजाराला खतपाणीच मिळत होते. 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चे लेखक जॉन बनियन यांनी 1666 साली आपल्या आत्मकथेत लिहिले आहे की, ख्रिस्ताला विकून टाकण्याचा विचार त्यांनाही असाच छळत असे. तो विचार त्यांना नकोसा होता, म्हणूनच छळत होता.

यावर दोन उपचार गुणकारी ठरले आहेत. पहिला वर्तनोपचार. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली त्याची वाट दाखवली. रुग्णाने भीतीला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही. भीती वाढते, पण हळूहळू आपोआप ओसरते. दुसरा उपचार सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या औषधांचा. गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागू शकतात. औषध आपल्या मनाने बंद करू नये.

ग्वाल्हेरात 1935 पासून मानसिक आरोग्यशाळा आहे. सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "कृती थांबवण्याचा सराव कोण करून घेईल?"

पाठातील स्त्रीने शेवटी थरथरत सारे खरे सांगितले. आमच्या भगिनीनेही लाज सोडून डॉक्टरांना सर्व सांगितले. आता तिने तो प्रश्न विचारला, तर तिच्याच संमतीने ठरल्याप्रमाणे आम्ही म्हणतो, "ताई, याचे उत्तर द्यायचे नाही असे ठरले आहे ना? चला, चहा घेऊ." गेल्या नाताळात ती प्रभुभोजनाला आली. हात थरथरत होते, पण आली.

चर्चेसाठी प्रश्न
1. मनात आलेला विचार आणि केलेले पाप यांत फरक कोणता?
2. आपली खात्री कोणाचा आजार वाढवत आहे काय?
3. वर्गातील एखादे मूल एकच ओळ पुन्हा पुन्हा खोडून लिहीत असेल, तर रागावण्याआधी आपण काय कराल?