अक्षर कागदावर मोजा

स्क्रीनवर कुठलंच अक्षर लहान नसतं. माउसचं चाक फिरवलं की झालं. साइटवरच्या फिटरच्या हातात असतो तो ए-थ्रीचा, चार घड्या पडलेला, सिमेंटचे हात लागलेला कागद. आमच्या एका कामावर बीमच्या रिंगा दीडशेऐवजी एकशे ऐंशीवर बांधल्या गेल्या, त्या अशाच कागदावरून. 150 मधला पाच की आठ, हे भिंगाशिवाय कळत नव्हतं. काँक्रीटच्या आधी तपासणीत सापडलं म्हणून निभावलं. तरी आरएमसीची गाडी पुढे ढकलावी लागली.

फिटरला बोलण्यात अर्थ नव्हता. ड्रॉइंग करणाऱ्या ऑफिसने शीट ए-वनची धरली होती, अक्षरं 2.5 मिलिमीटरची, म्हणजे रीतसर. पण ए-वनचं ड्रॉइंग ए-थ्रीवर छापलं की त्यावरची प्रत्येक लांबी निम्मी होते. अक्षर उरलं सव्वा मिलिमीटर. वर टायटल ब्लॉकमध्ये 1:50 तसंच, कागदावर प्रत्यक्षात 1:100. फूटपट्टी लावून माप काढणारा तर दुपटीने फसला असता.

ऑटोकॅडमधला हिशेब तसा सोपा आहे. इमारत खऱ्या मापात काढायची, 230 ची भिंत 230 च, आणि लहान करायचं काम छपाईवर सोडायचं. मॉडेल स्पेसमध्येच लिहायचं असेल तर कागदावर हव्या त्या उंचीला स्केलच्या आकड्याने गुणायचं. 2.5 मिलिमीटरसाठी 1:100 ला 250, 1:50 ला 125, 1:20 च्या डिटेलला 50. नवी मुलं गुणत नाहीत, ‘बरं दिसतंय’ म्हणून 200 टाकतात. शेजारचा 180 टाकतो. मग एकाच शीटवर पाच उंचीची अक्षरं नांदतात.

मी टिपा आणि शीर्षकं लेआउटमध्ये लिहितो. तिथे 2.5 म्हणजे 2.5, गुणाकाराची भानगडच नाही. डिमेन्शन मात्र मॉडेलमध्ये, ॲनोटेटिव्ह. ही सोय ऑटोकॅड 2008 पासून आहे, तरी कित्येक ऑफिसांत तिला अजून हात लागलेला नाही. एकाच मापाला 1:100 आणि 1:20 हे दोन्ही स्केल जोडले की दोन्ही व्ह्यूपोर्टमध्ये आकडा सारख्याच उंचीचा दिसतो. व्ह्यूपोर्टला स्केल दिल्याबरोबर तो लॉक करा. नाहीतर कोणीतरी आत जाऊन झूम करतो आणि स्केल गेलाच म्हणून समजा.

एक खोडी सांगून ठेवतो, कारण तिच्यापायी माणसं तासन्‌तास डोकं धरून बसतात. टेक्स्ट स्टाइलमध्ये उंची शून्य ठेवा. तिथे आकडा भरला की डिमेन्शन स्टाइलमधल्या उंचीला कोणी विचारत नाही. तिथे 2 करा की 20, माप ढिम्म हलत नाही.

आता ए-थ्रीचं काय करायचं? अक्षरांच्या ठरलेल्या उंच्या 2.5, 3.5, 5, 7 अशा आहेत. कागदांच्या आकारांसारख्याच त्याही सुमारे 1.4 पटीने चढतात. त्यामुळे ए-वन ए-टूवर छापला तर 3.5 चं अक्षर 2.5 वर येतं, ए-थ्रीवर छापला तर 5 चं. पण बीमच्या शीटवर 5 ची अक्षरं मावणार कुठे? आपल्याकडे साइटवर शेवटी ए-थ्रीच पोचतो, कारण तेवढाच प्रिंटर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे असतो. मग लेआउटच ए-थ्रीचा करावा आणि एका शीटवर कोंबलेला मजकूर चार शीटवर सुटसुटीत मांडावा, या मताला मी आलो आहे. आर्किटेक्टला इतकी शीटं आवडत नाहीत, पण बांधणारा तो नव्हे.

शिवाय प्रत्येक शीटवर आलेखी स्केलपट्टी काढा. प्रिंट कसाही लहानमोठा झाला तरी तीही त्याच प्रमाणात बदलते, म्हणून ती खोटं बोलत नाही. पहिला प्रिंट हातात आला की पट्टीवरचे 5 मीटर फूटपट्टीने मोजा: 1:50 ला ते बरोबर 100 मिलिमीटर भरायला हवेत. 97 भरले, तर प्लॉटच्या खिडकीत ‘फिट टू पेपर’वर खूण राहिली आहे का ते आधी बघा.